उरलेल्याचे ऋण : ‘वाय : द लास्ट मॅन’मधील एक नैतिक पेच

१

सर्वनाशानंतर एकटा उरलेला माणूस ही कल्पना पाश्चात्त्य साहित्यात किमान दोन शतके वावरत आली आहे. मेरी शेली यांच्या ‘द लास्ट मॅन’ (१८२६) या कादंबरीत महामारीने मानवजात नष्ट होते आणि लायोनेल व्हर्नी हा एकटाच उरतो. त्याच्यापुढचा प्रश्न मुख्यतः साक्षीचा आहे : वाचणारा कोणी उरलेला नसताना घडलेले लिहून ठेवण्याला अर्थ कोणता? त्यानंतर १७६ वर्षांनी, २००२ साली, जवळपास हेच शीर्षक घेऊन ‘वाय : द लास्ट मॅन’ ही अमेरिकन चित्रकथामालिका सुरू झाली. मराठीत मात्र या दोन शीर्षकांची भाषांतरे वेगवेगळी करावी लागतील. शेली यांचा तो ‘शेवटचा माणूस’ आणि मालिकेतला तो ‘शेवटचा पुरुष’. इंग्रजीतील एकाच शब्दात जो भेद दडून राहू शकतो, तो मराठी दडू देत नाही. आणि मालिकेचा सगळा नैतिक पेच या भेदातूनच निर्माण होतो. शेवटच्या माणसाचे कोणाशीही देणेघेणे उरलेले नसते. शेवटच्या पुरुषाभोवती मात्र तीन अब्ज स्त्रिया जिवंत आहेत आणि त्यांपैकी अनेकींचे त्याच्याकडे काही मागणे आहे. ते मागणे न्याय्य आहे काय, हा या मालिकेने उभा केलेला मूलभूत प्रश्न होय.

लेखक ब्रायन के. व्हॉन आणि चित्रकार पिया ग्वेरा यांची ही निर्मिती डीसी कॉमिक्सच्या ‘व्हर्टिगो’ या शाखेतर्फे २००२ ते २००८ या काळात साठ अंकांत प्रसिद्ध झाली. २००८ साली तिला उत्कृष्ट चालू मालिकेचा आयस्नर पुरस्कार मिळाला. कथेचा गाभा थोडक्यात असा : १७ जुलै २००२ या दिवशी वाय गुणसूत्र धारण करणारे पृथ्वीवरील सर्व सस्तन प्राणी, गर्भ आणि शुक्रपेशी यांसह, एकाच क्षणी मरतात. वाचतात ते दोघेच : यॉरिक ब्राउन हा सुटकेचे जादूप्रयोग करणारा बेकार तरुण आणि अँपरसँड हे त्याचे पाळलेले माकड. यॉरिकला ऑस्ट्रेलियात अडकलेल्या बेथ या प्रेयसीपर्यंत पोहोचायचे आहे. इतरांना त्याला डॉ. ॲलिसन मॅन या जनुकशास्त्रज्ञेच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचवायचे आहे. या दोन हेतूंच्या ओढाताणीतून साठ अंकांचा प्रवास घडतो आणि त्या प्रवासात एजंट ३५५ ही गुप्तहेर स्त्री त्याची रक्षक म्हणून सोबत असते.

२

आपत्तीनंतरच्या जगाचे जे चित्र मालिकेच्या आरंभी येते, ते आकडेवारीच्या रूपात येते. संहितेनुसार लोकसंख्येपैकी ४८ टक्के म्हणजे २.९ अब्ज पुरुष मरण पावले आहेत. सर्वांत मोठ्या ५०० अमेरिकन कंपन्यांच्या प्रमुखांपैकी ४९५ गेले. जगातील ९९ टक्के जमीनमालक गेले. यांत्रिक, वीजतंत्री आणि बांधकाम मजूर यांच्यापैकीही ९९ टक्के गेले. शेतीत राबणाऱ्यांपैकी मात्र ५१ टक्के जिवंत आहेत. ही यादी वरवर पाहता मृतांची मोजदाद आहे. वस्तुतः ती जिवंतांच्या पूर्वीच्या जगाचे परीक्षण आहे. जमिनीत राबणारे निम्मे हात स्त्रियांचे होते आणि जमिनीची मालकी एक टक्का. साथीने ही विषमता निर्माण केली नाही, तिने ती फक्त उघडी पाडली. सर्वनाशाची कथा भविष्याविषयी बोलत असल्याचा आभास निर्माण करून वर्तमानाचा हिशेब मांडते, हे या साहित्यप्रकाराचे लक्षण येथे अत्यंत काटेकोरपणे सिद्ध झालेले दिसते.

पुरुषाविना जगाची कल्पना अर्थातच नवी नाही. रुकय्या सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ (१९०५) या कथेत पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत आणि राज्य सुरळीत चालले आहे. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘हरलँड’ (१९१५) मध्ये ते कित्येक शतकांपूर्वीच नाहीसे झाले आहेत. जोआना रस यांच्या ‘व्हेन इट चेंज्ड’ (१९७२) या कथेत साथीने पुरुष नष्ट झालेल्या ग्रहावर ते पृथ्वीवरून परत येतात आणि त्यांचे येणे हीच शोकांतिका ठरते. या परंपरेत पुरुषाची अनुपस्थिती ही उणीव नसून ती एक युक्तिवाद आहे. व्हॉन यांनी या परंपरेपासून जी फारकत घेतली, ती महत्त्वाची आहे. त्यांनी पुरुषजात नाहीशी केली, पण एक पुरुष ठेवला. त्यामुळे ‘पुरुषाविना जग चालेल काय?’ हा प्रश्न मागे पडतो. जग अडखळत का होईना, चालते, हे मॅरिसव्हिल या तुरुंगातून सुटलेल्या स्त्रियांनी चालवलेल्या गावाच्या प्रकरणातच स्पष्ट होते. त्याऐवजी पुढे येणारा प्रश्न असा : जो योगायोगाने उरला, त्याचे शरीर कोणाचे?

३

भारतीय परंपरेत या प्रश्नाला एक जुने आणि सुस्पष्ट उत्तर आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो. त्यांपैकी पितृऋण प्रजेच्या द्वारे फेडायचे असते. महाभारताच्या आदिपर्वातील जरत्कारूची कथा म्हणजे या सिद्धान्ताचे दृश्यरूप होय. आजन्म ब्रह्मचारी राहू इच्छिणारा हा तपस्वी भटकत असताना एका गर्तेत डोके खाली करून लोंबकळणारे पितर पाहतो. ज्या गवताच्या काडीला ते धरून आहेत, ती उंदीर कुरतडतो आहे. ती काडी म्हणजे जरत्कारू स्वतःच. तो वंशातील शेवटचा. त्याने विवाह केला नाही तर पितरांचे पतन अटळ. जरत्कारू अखेर विवाह करतो, पण स्वतःच्या अटींवर : वधू आपल्याच नावाची असावी, ती भिक्षेप्रमाणे मिळावी आणि तिच्या पोषणाचा भार आपल्यावर नसावा. ऋण मान्य करायचे, पण ज्या स्त्रीच्या द्वारे ते फेडायचे तिच्याशी नाते मान्य करायचे नाही, असा हा व्यवहार आहे.

व्हॉन आणि ग्वेरा यांच्या पहिल्या अंकात यॉरिक प्रथम दिसतो तो बंधनजॅकेटात जखडलेला आणि उलटा टांगलेला. त्या अवस्थेत तो बेथशी दूरध्वनीवर बोलत असतो. या चित्राचा आदिपर्वाशी कोणताही संबंध नाही, हे उघड आहे. तथापि दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या असता त्यांच्यातील उलट्या संबंधाकडे दुर्लक्ष करता येत नाही. जरत्कारूच्या कथेत पितर उलटे लोंबकळतात आणि शेवटचा पुरुष जमिनीवर मोकळा उभा असतो. यॉरिकच्या कथेत पितर, भ्राते, पुत्र सगळे जमिनीवर मरून पडणार असतात आणि लोंबकळतो तो शेवटचा पुरुष. म्हणजेच येथे उरणारा हा ऋण फेडणारा नसून तो स्वतःच गहाण पडलेली वस्तू आहे.

हे गहाण पडणे कथानकात तपशिलाने येते. त्याची आई, नव्या राष्ट्राध्यक्षा, इस्रायली लष्कराची तुकडी, शास्त्रज्ञ आणि धर्मवेड्या टोळ्या यांपैकी प्रत्येकाचा त्याच्या शरीराविषयी एक बेत आहे. त्याला बुरखासदृश आवरणात आणि मुखवट्याआड लपवले जाते, सोबतीशिवाय बाहेर पडण्यास मज्जाव केला जातो, त्याच्या प्रवासाची दिशा इतर ठरवतात. त्याचे बोलणे, विनोद, शेक्सपिअर, बेथ यांना किंमत नाही. किंमत आहे ती त्याच्या बीजाला. सिमोन द बोव्हार यांनी १९४९ साली दाखवून दिले होते की, स्त्रीची व्याख्या गर्भाशयाच्या आधारे करणे ही तिला माणूसपणातून वगळण्याची जुनी रीत आहे. येथे तीच रीत पुरुषाच्या वाट्याला येते. वाचकाला त्यातून मिळणारा अनुभव काव्यात्म न्यायाचा नव्हे, तर अस्वस्थ ओळखीचा आहे. हे सारे अन्याय्य वाटत असेल, तर ते पूर्वी, दुसऱ्या शरीरांच्या बाबतीत, स्वाभाविक कसे वाटत होते?

४

येथे दोन नैतिक भूमिका परस्परांसमोर उभ्या राहतात. हान्स योनास यांनी १९७९ साली जबाबदारीच्या तत्त्वाची मांडणी करताना मानवजातीने यापुढेही असावे, हेच मूलभूत कर्तव्य मानले. या भूमिकेतून पाहता यॉरिकची बेथकडे जाण्याची ओढ हा स्वार्थ ठरतो. संपूर्ण जातीचे भवितव्य पणाला लागले असताना एका तरुणाच्या इच्छेला किती वजन द्यावे? दुसऱ्या बाजूला ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांचा १९७१ सालचा प्रसिद्ध विचारप्रयोग आहे. एखाद्याला जाग यावी आणि आपल्या मूत्रपिंडांना एक बेशुद्ध व्हायोलिनवादक जोडलेला आहे, नऊ महिने तसेच पडून राहिल्यास तो वाचेल, असे त्याला सांगण्यात यावे. पडून राहणे हे औदार्य ठरेल. पण वादकाला त्या शरीरावर हक्क आहे असे म्हणता येईल काय? थॉमसन यांचे उत्तर नकारार्थी आहे. दुसऱ्याच्या जीवनाची गरज कितीही खरी असली, तरी गरजेतून शरीरावरचा हक्क निर्माण होत नाही.

थॉमसन यांनी हा दाखला गर्भपाताच्या संदर्भात, म्हणजे स्त्रीच्या शरीराच्या संदर्भात दिला होता. व्हॉन यांची मालिका एका वादकाच्या जागी संपूर्ण मानवजात बसवते आणि जोडल्या गेलेल्या देहाच्या जागी पुरुष. संख्या बदलल्याने तत्त्व बदलते काय, ही या कल्पनाबंधाची खरी कसोटी आहे. मालिका तत्त्वचर्चेच्या भाषेत उत्तर देत नाही. ती कथानकाच्या मार्गाने एक पळवाट काढते. डॉ. मॅन यांच्या प्रतिरूपनिर्मितीच्या, म्हणजेच क्लोनिंगच्या शास्त्रामुळे यॉरिकला ‘प्रजोत्पादक’ होण्याची सक्ती उरत नाही. त्याच्या काही पेशी पुरतात, देह त्याचाच राहतो. पेच सुटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो पुढच्या पिढीकडे सरकवला जातो, हे शेवटच्या अंकात दिसते.

५

ऋणाच्या कल्पनेला आणखी एक अंग आहे, ते म्हणजे अपराधाचे. प्रिमो लेव्ही यांनी १९८६ सालच्या आपल्या निबंधसंग्रहात छळछावणीतून वाचलेल्यांच्या लाजेविषयी लिहिले आहे. वाचलेला मनुष्य आपण दुसऱ्या कोणाच्या जागी जगत आहोत या शंकेपासून मुक्त होत नाही, आणि वाचणारे हे श्रेष्ठ असतात हा समज सपशेल खोटा आहे, असा त्या चिंतनाचा रोख आहे. यॉरिकचे वाचणे तर गुणवत्तेच्या कल्पनेची क्रूर थट्टाच आहे. मालिकेत साथीच्या कारणाविषयी अनेक तर्क येतात आणि कोणताही निर्णायक ठरत नाही. यॉरिक का वाचला याचा जो उलगडा होतो तो असा : प्रयोगशाळेत उपचार झालेले माकड चुकून त्याच्याकडे आले आणि त्याने अंगावर फेकलेल्या विष्ठेतून त्याला संरक्षण मिळाले. ईश्वरी निवड, नियती, पराक्रम या वीरकथेच्या तीनही आधारांना येथे एकदमच सुरुंग लागतो.

तरीही ज्याला कारण नाही, त्या गोष्टीचे ओझे वाटेनासे होत नाही. ‘सेफवर्ड’ या तीन अंकी प्रकरणाचा विषय हाच आहे. यॉरिक पुन्हापुन्हा धोक्यात उडी घेतो. वाचकाला आरंभी ते धाडस वाटते. ३५५ त्याला ज्या निवृत्त सहकारिणीकडे ठेवते, ती ७११ त्याला बांधून, भय दाखवून, वासना आणि मृत्यू यांच्या सीमेवर नेऊन त्याच्याकडून एक कबुली मिळवते : त्याला जगायचे नव्हते. धाडस हे वेष पालटलेले आत्मघाताचे इच्छारूप होते. इतके सगळे मेले असताना आपण उरलो, या ऋणाची परतफेड त्याला मरणानेच करायची होती. प्रकरणाचे नाव येथे उपरोधिक ठरते. ज्या शब्दाच्या उच्चाराने संमतीची मर्यादा पाळली जावी तो संकेतशब्द शीर्षकात आहे; उपचार मात्र संमतीविनाच झाला. यॉरिकला जगण्याची इच्छा परत मिळते, पण ती त्याच्या शरीरावर इतरांनी गाजवलेल्या अधिकारातून मिळते. हा विरोध संहितेने सोडवलेला नाही, आणि तो सोडवलेला नाही हेच प्रामाणिक आहे.

या प्रकरणानंतर यॉरिकच्या वर्तनात जो बदल होतो, तो ऋण आणि उत्तरदायित्व यांतील भेदाने समजावून घेता येतो. ऋण भूतकाळाकडे, मृतांकडे तोंड करून असते. ते आकड्यात मोजता येते आणि फेडून संपवता येते. उत्तरदायित्व समोरच्या जिवंत व्यक्तीकडे तोंड करून असते आणि ते संपत नाही. स्वतः योनास यांनीही जबाबदारीचा आदिनमुना म्हणून मानवजातीच्या अमूर्त कल्पनेकडे नव्हे, तर नवजात अर्भकाकडे बोट दाखवले होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. यॉरिक मानवजातीचा त्राता होण्याचे नाकारतो, पण डॉ. मॅन, बहीण हीरो, ३५५ यांच्यासमोर उत्तर देण्यास तो हळूहळू शिकतो. जिच्या बाणाने त्याला जीव लावणाऱ्या सोनियाचा बळी घेतला, त्या हीरोला तो अखेर आपली बहीण म्हणून स्वीकारतो, यात या शिक्षणाचे मोजमाप आहे.

६

मालिकेचा नैतिक विवेक येथपर्यंत निःसंशय प्रगल्भ आहे. तथापि दोन ठिकाणी तिचा हिशेब तपासावा लागतो.

पहिले ठिकाण तिच्या मूळ गृहीतकाचे. साथ गुणसूत्रावर घाला घालते. ‘पुरुष’ ही ओळख मात्र गुणसूत्राशी समव्याप्त नाही. पुरुष म्हणून जगणारे आणि वाय गुणसूत्र नसलेले पारलिंगी पुरुष या साथीतून वाचतील. स्त्री म्हणून जन्मभर जगलेल्या आणि वाय गुणसूत्र असलेल्या काही स्त्रिया मरतील. मूळ मालिका या शक्यतेला ओझरता स्पर्श करते. २०२१ साली आलेल्या आणि दहा भागांनंतर थांबलेल्या दूरचित्रवाणी रूपांतराने सॅम या पारलिंगी पुरुषाचे पात्र आणून ही उणीव भरण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न केला. त्यामुळे ‘शेवटचा पुरुष’ हे बिरुदच प्रश्नांकित होते. यॉरिक हा शेवटचा पुरुष नव्हे. तो बीज देऊ शकणारा शेवटचा देह आहे. ज्या न्यूनीकरणाविरुद्ध मालिका बोलते, तेच तिच्या शीर्षकात दडलेले आहे.

दुसरे ठिकाण अधिक गंभीर आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १७७८ मध्ये उभारलेल्या कल्पर रिंग या हेरसंघटनेच्या सांकेतिक कोशात ३५५ हा आकडा ‘स्त्री’ या शब्दासाठी होता. एजंट ३५५ या कृष्णवर्णीय नायिकेचे नाव म्हणजे हा आकडा. साठ अंकांत तिचे खरे नाव वाचकाला कळत नाही. पॅरिसमध्ये ती ते यॉरिकच्या कानात सांगते. अक्षरे वाचकापर्यंत पोहोचत नाहीत. त्यानंतर काही क्षणांतच अल्टर या इस्रायली सेनानीच्या गोळीने ती मरते. शेवटच्या पुरुषाच्या हातून मरण यावे, हा अल्टरचा हट्ट यॉरिक पुरवत नाही. मारण्याचे नाकारून तो स्वतःचे माणूसपण राखतो. पण ते राखण्याची संधी त्याला ज्या देहाच्या मोलाने मिळाली तो देह समोर पडलेला आहे.

महाभारतातील आणखी एक प्रसंग येथे उपयोगी पडतो. कुरुवंश खुंटला तेव्हा सत्यवतीच्या आज्ञेने व्यास नियोगासाठी आले. अंबिकेने डोळे मिटले, अंबालिका फिकी पडली. पुन्हा बोलावले गेले तेव्हा अंबिकेने आपली वस्त्राभरणे घालून दासीला पाठवले. अंबिकेचा नकार हा नकारच होता आणि तो समजण्यासारखा होता. पण त्या नकाराने वंशाची मागणी नाहीशी झाली नाही, ती एक पायरी खाली उतरली. दासी दास्यमुक्त झाली, तिच्या पोटी विदुर जन्मला. नाव मात्र तिला मिळाले नाही. यॉरिकच्या नकाराचेही असेच आहे. जातीचे ऋण आपल्या देहाने फेडण्याचे तो नाकारतो, आणि थॉमसन यांच्या तर्कानुसार ते योग्यच आहे. पण साठ अंकांभर त्याला जिवंत ठेवण्यासाठी ज्या देहाने वार झेलले, ज्याच्या स्वतःच्या भवितव्याचा विचार कोणत्याही सत्तेने केला नाही, तो ३५५ चा. एकाने न फेडलेले ऋण कोणाच्या खात्यावर चढले, हे विचारल्याखेरीज नकाराचे नैतिक मूल्यमापन पूर्ण होत नाही.

संहितेला याची जाण आहे काय? ‘अलास’ या साठाव्या अंकात साठ वर्षांनंतरचे पॅरिस येते. प्रतिरूपांच्या साह्याने मानवजात टिकली आहे. वृद्ध यॉरिक स्वतःला इजा करील या भीतीने पुन्हा बंधनजॅकेटात ठेवला गेला आहे. त्याचे मन वळवण्यासाठी त्याचाच एक तरुण प्रतिरूप आणला जातो. विशिष्ट कामासाठी निर्माण केलेला हा तरुण म्हणजे पुढच्या पिढीकडे सरकवलेले ऋण होय. त्याचे शरीर कोणाचे, हा पहिल्या अंकातला प्रश्न आता त्याला लागू होतो. वृद्धाच्या आठवणीत मात्र मानवजात नाही, विज्ञानाचा विजय नाही. आहेत ती गेलेली माणसे आणि मरणासन्न माकड. तो अखेर नाहीसा होतो आणि मागे रिकामे जॅकेट उरते. स्मारक होण्याचे नाकारणारी ही सुटका त्याच्या आयुष्यातील सर्वांत यशस्वी आहे.

ती मुक्ती आहे की पलायन, याचा निर्णय मालिका देत नाही, आणि समीक्षेनेही तो घाईने देऊ नये. एवढे मात्र म्हणता येते : योगायोगाने उरलेल्यावर मृतांचे ऋण नसते, आणि जातीच्या गरजेला त्याच्या देहावर हक्क नसतो. परंतु आपल्या उरण्याची किंमत कोणी मोजली हे जाणण्यापासून आणि तिचे नाव उच्चारण्यापासून त्याची सुटका नसते. यॉरिकला ते नाव ठाऊक होते. वाचकाला ते ठाऊक नाही. त्याच्या हाती उरतो तो आकडा.